दहावीपर्यंत एकाच बाकावर

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या तीन जुन्या विद्यार्थिनी घरी आल्या. तिघी दहावीपर्यंत एकाच बाकावर बसायच्या, खिडकीच्या बाजूला. मराठीच्या तासाला एकीचे व्याकरण दुसरीने सोडवायचे आणि उर्दूच्या तासाला तिसरीची इमला पहिलीने गुपचूप सुधारायची, हा त्यांचा व्यवहार आम्हाला ठाऊक होता आणि आम्ही तो पाहून न पाहिल्यासारखे करीत होतो. आता एक एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दुसरी बीएस्सी नर्सिंग करते आणि तिसरी, म्हणजे कच्च्या इमलावाली, डी. फार्म. होऊन एका मेडिकलवर बसते. शीरखुर्म्याच्या वाट्या हातात आल्या, बोलणे सुरू झाले. आम्ही सहज विचारले, "दहावीनंतर तुम्ही तिघी पुन्हा कधी एका वर्गात बसलात का ग?"

तिघी हसल्या. "आपा, कॉलेज वेगळे, परीक्षा वेगळी, पुस्तके वेगळी. एका वर्गात कशा बसणार?" नर्सिंगवाली म्हणाली. मग जरा थांबून तिनेच जोडले, "पुढे वॉर्डात भेटूच. तेव्हा ही पुढे चालेल, मी ट्रे घेऊन मागे."

डॉक्टर होणारी मुलगी यावर काही बोलली नाही. वाटीतली खारीक चमच्याने बाजूला सारत राहिली.

पलीकडे पलंगावर आमच्या खाला तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे नजर गेली आणि गेल्या वर्षीची ती पहाट आठवली. खाला तेव्हा लेकीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात होत्या. शुगर वाढली म्हणून चार दिवस दवाखान्यात होत्या, बरे वाटले, सुट्टी झाली. सुट्टीच्या कागदावर डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहून दिली. खाला घरी आल्या आणि नवी गोळी सुरू झाली; पण जुनीही चालूच राहिली, कारण ती बंद करा असे कोणी सांगितले नव्हते. दोन्ही पाकिटांवरची नावे वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. आतले औषध मात्र एकच होते. तिसऱ्या रात्री खाला कमी जेवल्या. पहाटे लेकीने पाहिले तर अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणे भलतेच. शेजारच्या एका समजदार बाईने शुद्ध आहे हे पाहून साखरेचे पाणी पाजले, रिक्षा बोलावली. अल्लाहचे आभार, खाला वाचल्या.

आम्ही नंतर चौकशी केली. भांडायला नव्हे, फक्त समजून घ्यायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोळ्यांचे सिस्टर समजावून सांगतात. सिस्टर म्हणाल्या, खालांच्या उशाशी जुन्या गोळ्यांची पिशवी आम्ही पाहिली होती, पण डॉक्टरांनी विचार करूनच लिहिले असेल असे वाटले. मेडिकलवरच्या मुलाने तर आठवडाभर आधी जुनी गोळी त्याच खात्यावर दिली होती. तो म्हणाला, "माझ्या लक्षात आलं होतं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी काय बोलणार?" तिघेही खोटे बोलत नव्हते. तिघांनाही आपापले काम येत होते. एकमेकांशी बोलणे कोणालाच शिकवलेले नव्हते.

याच गोष्टीचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. नाव जड आहे, कल्पना साधी आहे. ज्यांना पुढे एकाच रुग्णाभोवती काम करायचे आहे त्या डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट यांनी शिकताना काही काळ तरी एकत्र शिकावे. ब्रिटनमध्ये १९८७ साली याच कामासाठी एक संस्था निघाली. तिने केलेल्या व्याख्येत तीन शब्दयोगी अव्यये महत्त्वाची आहेत: एकमेकांबरोबर, एकमेकांकडून, एकमेकांविषयी. आम्ही भाषेचे शिक्षक, आमची नजर अव्ययांवरच जाणार. पण खरेच सगळा अर्थ तिथे आहे. एका मोठ्या हॉलमध्ये दोनशे मुले बसवून शरीररचनेचे व्याख्यान दिले, तर ते 'बरोबर' झाले. 'कडून' आणि 'विषयी' झाले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये या विषयावर अहवाल काढून देशांना हे करायला सांगितले. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे १९८६ पासून आरोग्याच्या सर्व शाखांचे विद्यार्थी सुरुवातीचे काही आठवडे एकत्र शिकू लागले. १९९६ मध्ये तिथे एक वॉर्डच विद्यार्थ्यांच्या हाती दिला गेला. भावी डॉक्टर, भावी परिचारिका, भावी फिजिओथेरपिस्ट तो मिळून चालवतात. शिक्षक मागे उभे असतात.

या क्षेत्रात ज्यांचे काम आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते स्कॉट रीव्हज. हे डॉक्टर नव्हते, समाजशास्त्रज्ञ होते. लंडन, टोरोंटो, सॅन फ्रान्सिस्को अशा ठिकाणी त्यांनी संशोधन केले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. टोरोंटोमध्ये ते आणि त्यांचे सहकारी रुग्णालयाच्या वॉर्डात तासन्‌तास उभे राहून कोण कोणाशी काय बोलतो हे टिपत. त्यांना दिसले ते आपल्याला परके वाटणार नाही. डॉक्टर इतरांशी बोलत ते फार थोडे, तुटक आणि एकाच दिशेने. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक आपसात मात्र भरपूर बोलत.

मग या मंडळींनी एक उपाय करून पाहिला. रुग्णाविषयी बोलताना चार पायऱ्या पाळायच्या. आपले नाव सांगायचे. आपले काम सांगायचे. आपल्याला या रुग्णाविषयी जे माहीत आहे ते सांगायचे. आणि शेवटी समोरच्याला विचारायचे, तुम्हाला काही खटकते आहे का? एवढेच. इतके सोपे की पाचवीच्या मुलांनाही जमेल. तरीही वॉर्डात ते रुजले नाही. २०१० मध्ये त्यांनी स्वतःच हे छापून सांगितले. घाई फार होती, मध्येच कोणी ना कोणी हाक मारत होते, आणि मुख्य म्हणजे वरिष्ठ डॉक्टर स्वतः ते करताना दिसत नव्हते. आपला प्रयोग फसला हे इतक्या सरळपणे लिहिणारा संशोधक आम्हाला विश्वासाचा वाटतो. २०१३ मध्ये रीव्हज यांनी जगभरातील अभ्यास चाळले. कसोटीला उतरतील असे फक्त पंधरा सापडले. त्यांपैकी सातांत एकत्र शिक्षणाचा फायदा दिसला, चारांत संमिश्र चित्र, चारांत काहीच फरक नाही. म्हणजे ही जादूची कांडी नाही. पण सातांत फायदा दिसला, हेही खरे.

त्या चार पायऱ्यांतली पहिली, नाव सांगण्याची, दुसरीकडे फार कामी आली. जगप्रसिद्ध सर्जन अतुल गावंडे यांचे वडील आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची यादी केली. सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, हा त्यातला एक मुद्दा. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरली गेली. आधी शस्त्रक्रियेनंतर दर हजारी पंधरा रुग्ण दगावत होते, नंतर आठ. नाव सांगण्यानेच जीव वाचले असे कोणी म्हणणार नाही. यादीत इतरही पुष्कळ होते. पण ज्या पोरीने आपले नाव एकदा सर्वांसमोर उच्चारले, ती पुढे काही चुकताना दिसले तर तोंड उघडते. वर्गात आम्ही हे रोज पाहतो. पहिल्या दिवशी ज्याचे नाव विचारले गेले नाही, तो मुलगा वर्षभर हात वर करीत नाही.

आपल्या जिल्ह्यात या शिक्षणासाठी लागणारे सगळे सामान आहे. हिंगणघाटहून तासाभराच्या अंतरावर सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ती उभी केली. तिथले नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. सावंगी मेघे येथे वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या, फिजिओथेरपी अशा शाखा एकाच अभिमत विद्यापीठाच्या छपराखाली आहेत. आणि आता आमच्या हिंगणघाटालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हवे म्हणून गावाने आंदोलन केले, जागा कोणती यावरून वाद झडले. चहाच्या टपरीवर आजही तोच विषय निघतो. खाटा किती, जागा कोणती, मंजुरीचे काय. त्या इमारतीत कोण कोणाशेजारी बसून शिकेल, हा प्रश्न आम्ही तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

कारण कागदावर सगळे वेगळे आहे. परिचारिकांसाठी १९४७ चा कायदा होता, २०२३ मध्ये नवा आला. फार्मासिस्टसाठी १९४८ चा. डॉक्टरांचा आयोग वेगळा, युनानी-आयुर्वेदाचा वेगळा. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये झाले, तेव्हा वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या एका छत्राखाली आल्या. पण डी. फार्म.ची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते, जे पॉलिटेक्निकच्या मुलांची परीक्षा घेते तेच. म्हणजे ज्या मुलीच्या हातून रुग्णाला गोळी मिळणार, ती शिकताना कागदोपत्री तरी डॉक्टरपेक्षा इंजिनिअरच्या जवळ असते! २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. चांगल्या डॉक्टरच्या पाच भूमिका त्यात सांगितल्या आहेत; त्यांत एक आहे आरोग्यसेवेच्या गटाचा नेता आणि सदस्य. नेता व्हायला सगळ्यांनाच आवडते. सदस्य होणे कोण शिकवणार, आणि कोणाच्या सोबतीत?

नवे काही उभारावे लागेल असेही नाही. अलीकडे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबे दत्तक दिली जातात. नर्सिंगच्या मुलीही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वस्त्यांवर जातात. आज ही मुले सोमवारी गेली आणि त्या मुली गुरुवारी, तर एकाच आजीचे बीपी दोन वह्यांत लिहिले जाईल. दोघे एकाच दिवशी, एकाच आजीच्या ओट्यावर बसले तर? सोबत एक फार्मसीचा विद्यार्थी असला तर? ओटा तोच, आजी तीच, खर्च तोच.

डॉक्टरने दुसऱ्याकडून शिकायचे म्हणजे कमीपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्ध्याच्याच परिसरातले. १९८६ मध्ये ते आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळाला न्युमोनिया झाला की श्वास जलद होतो. पण ज्या दाईला पुढचे आकडे मोजता येत नाहीत तिने श्वास कसे मोजावे? त्यांनी मण्यांचे एक साधे उपकरण केले. वाळूचे घड्याळ उलटायचे आणि श्वासागणिक मणी सरकवायचे. दाईला काय येते आणि काय येत नाही हे डॉक्टरने आधी तिच्याकडून शिकून घेतले, म्हणून हे उपकरण जन्मले. पुढे एकोणचाळीस गावांत बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

नुसते शेजारी बसवून भागत नाही, हेही सांगायला हवे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर पुस्तक लिहिले. रीव्हज यांच्या क्षेत्रातले लोक त्याचा आधार वारंवार घेतात. ऑलपोर्टचे म्हणणे असे की, दोन गट जवळ आल्याने मने आपोआप जुळत नाहीत. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम मिळून करावे लागायला हवे आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. मिश्र वस्तीत राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

समान दर्जा. इथे आम्हाला दवाखान्यावरून नजर काढून आपल्या घरांकडे वळवावी लागते. बारावीच्या निकालानंतर पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. मुलगी हुशार, नीटमध्ये थोडक्यात राहिली. आम्ही नर्सिंगचे नाव काढले की बापाचा चेहरा उतरतो. रात्रपाळी, परके पुरुष, लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. त्यापेक्षा पुन्हा एक वर्ष घरी बसून नीट, नाहीतर बीयूएमएस, नाहीतर सरळ बीए. रात्रपाळीची काळजी आम्ही उडवून लावत नाही. ती खरी आहे, वसतिगृह आणि ये-जा पाहूनच निर्णय घ्यावा. पण बाकीचे? हाच बाप सुनेच्या बाळंतपणात बाई नर्सच हवी म्हणून दवाखान्यात वाद घालतो. ती कोणाच्या घरून येणार? मदिनेत खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज यांना मस्जिदीच्या आवारातील ज्या तंबूत नेले, तो तंबू हजरत रुफैदा या बाईंचा होता आणि जखमींची शुश्रूषा हेच त्यांचे काम होते. हे आपण मुलींना पाठ करायला लावतो आणि त्याच मुलींना प्रवेशाचा अर्ज भरू देत नाही.

आमच्या त्या तिघींच्याच घरचे पाहा. एमबीबीएसला नंबर लागला तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले, आमच्याकडेही डबा आला. नर्सिंगला नंबर लागल्याचे आम्हाला दोन महिन्यांनी बाजारात कळले. "ही पुढे, मी मागे" हे वाक्य ती मुलगी कॉलेजात शिकलेली नाही.

आम्ही शिक्षकही फार शहाणे नाही. आमच्याच वर्गात एक मुलगा फळ्यावरचे चुकीचे उतरवायचा. आम्ही त्याला आळशी समजलो, गणिताच्या सरांनी बेफिकीर ठरवले. पी.टी.चे सर म्हणाले, "त्याला चेंडू पकडता येत नाही, मला तर वाटलं डोळ्यांचं काही असेल." कधी वाटले? जूनमध्ये. आम्हाला सांगितले डिसेंबरात, तेही सहलीच्या बसमध्ये शेजारी बसलो म्हणून. चष्मा लागला आणि अक्षर सुधारले.

तर त्या ईदच्या दुपारी खालांनीच विषय काढला. "इतक्या शिकलेल्या पोरी बसल्यात, माझी पिशवी तरी बघा ग." पिशवी आली, सतरंजीवर ओतली गेली. फार्मसीवाली एकेक पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचू लागली. तिनेच एक जुने, अर्धे पाकीट वेगळे काढले. गेल्या वर्षीची तीच गोळी. खालांनी ती फेकली नव्हती. "पैसे पडलेत त्याला," त्या म्हणाल्या. नर्सिंगवालीने विचारले, रात्री किती वाजता जेवता, गोळी आधी घेता की नंतर, एकट्या असताना कोण देते? हे आजवर कोणी विचारले नव्हते. कळले की खाला मगरिबनंतर थोडेसे खातात आणि इशानंतर कधी जेवतात, कधी जेवतच नाहीत. गोळी मात्र चुकवत नाहीत. डॉक्टर होणारी आतापर्यंत ऐकतच होती. तिने किडनीची तपासणी शेवटी केव्हा झाली ते विचारले, कागद मागितला, तारीख पाहिली. मग म्हणाली, "गोळी कमी-जास्त करणे आमचे काम नाही, खाला. तुमच्या डॉक्टरांना हे जेवणाचे सांगायलाच पाहिजे." आणि नर्सिंगवालीकडे वळून, "तू जे विचारलंस ना, ते माझ्या ध्यानातच आलं नसतं."

खालांना उर्दूच वाचता येते. सुट्टीचा तो कागद इंग्रजीत होता. म्हणून तिघींनी मिळून एका कोऱ्या कागदावर उर्दूत तक्ता केला: कोणती गोळी, कशासाठी, केव्हा, कोणती कायमची बंद, डॉक्टरांना काय विचारायचे. नमाजच्या वेळांप्रमाणे रकाने आखले, कारण खाला घड्याळ पाहत नाहीत, अजान ऐकतात. सांगत तिघी होत्या, लिहीत फार्मसीवाली होती. लिहून झाल्यावर तिने कागद सवयीने आमच्यापुढे धरला. आम्ही इमला तपासली. दोन चुका होत्या.